जड पत्रांची पोच

पाठवलेले पत्र परत येण्याची कारणे पूर्वी ठरलेली असत. पत्ता चुकला, माणूस गाव सोडून गेला, किंवा माणूसच गेला. पाकिटाच्या कोपऱ्यात एखादा शेरा मारून पोस्टमन ते परत धाडी, आणि त्या दोन शब्दांत कधी कधी एक अख्खी हकिकत मावलेली असे. ई-मेलने या यादीत एका नव्या कारणाची भर घातली : पत्र फार मोठे आहे. पत्ता बरोबर आहे, माणूस जागच्या जागी आहे, पत्राची वाटही पाहतो आहे. परंतु पत्राला जोडलेली धारिका जड असल्यामुळे ते आत घेतले जात नाही. कागदी टपालाची रीत निराळी होती. कमी तिकिटे लावलेले पाकीट टपालखाते घेणाऱ्याच्या दारी नेई, कमी पडलेल्या हशिलाच्या दुप्पट रक्कम त्याच्याकडे मागे, आणि ती मिळाली की पत्र त्याच्या हाती देई. घ्यायचे की नाही, हे त्याने ठरवायचे. ई-मेलमध्ये हा निर्णय घेणाऱ्याला विचारून होत नाही. पुष्कळदा असा काही निर्णय झाला, हेही त्याला कळत नाही.

'फाइल मोठी होती म्हणून गेली नाही' हे स्पष्टीकरण आपण इतक्या सहजपणे स्वीकारले आहे की, त्यात विचारण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. वास्तविक ते चमत्कारिक आहे. ज्या तारेवरून आपण तासन्‌तास चित्रपट पाहतो, त्याच तारेवरून तीस एमबींची एक धारिका पत्राबरोबर जाऊ शकत नाही. रस्ता तोच आहे, गाडी वेगळी आहे. आणि ही गाडी कशी बांधली गेली ते पाहिल्यावाचून तिला ओझे का पेलत नाही, हे कळणे कठीण.

ई-मेल 'जाते' असे आपण म्हणतो. खरे तर ते कुठेही जात नाही, त्याच्या नकला होत जातात. माझा संगणक माझ्या सेवादात्याच्या सर्व्हरला पत्र सांगतो. तो ते संपूर्ण उतरवून घेतो, आणि मग पुढच्या सर्व्हरला पहिल्यापासून सांगू लागतो. पोथी नकलून घेणाऱ्या लेखनिकांची एक रांग बसलेली असावी, तसा हा प्रकार आहे. या लेखनिकांनी एकमेकांशी कसे बोलावे, याचे नियम जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. एसएमटीपी या त्यांच्या नावातले पहिले अक्षर 'साधे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आहे, आणि संभाषण खरोखरच साधे आहे. मी अमुक यंत्र. हे पत्र अमक्याकडून आले आहे. तमक्याला द्यायचे आहे. आता मजकूर सांगतो. मजकूर संपला की एका स्वतंत्र ओळीवर केवळ एक पूर्णविराम द्यायचा. पलीकडचा तो पाहून 'ठीक' असे म्हणतो, आणि त्या क्षणी पत्राची जबाबदारी एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाते.

जबाबदारी हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. या नियमांची २००८ साली निघालेली सुधारित आवृत्ती स्पष्ट बजावते की, एकदा 'ठीक' म्हटले की ती जबाबदारी गांभीर्याने घ्यावी; यंत्र बंद पडले, जागा पुरली नाही, अशा क्षुल्लक सबबींवर पत्र हरवू देऊ नये. यंत्रांसाठी लिहिलेल्या नियमावलीत इतके नैतिक वाक्य क्वचितच आढळते. पुढे जे सांगायचे आहे त्याचा बराचसा भार याच वाक्यावर आहे.

तर, हे नियम लिहिले गेले तेव्हा पत्र म्हणजे इंग्रजीत टंकलेला मजकूर, एवढीच कल्पना होती. प्रत्येक अक्षर सात बिटांचे. प्रत्येक ओळ, शेवटच्या खुणा धरून, फार तर हजार अक्षरांची. चित्राला, आवाजाला किंवा देवनागरीला तिथे जागा नव्हती. ती दहा वर्षांनी मिळाली. बेलकोर या अमेरिकी दूरध्वनी-संशोधन संस्थेतले नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन यांनी नेड फ्रीड यांच्यासह 'माइम' नावाची पद्धत सिद्ध केली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेन्स्टाइन यांनी धाडलेल्या पत्रात एक छायाचित्र होते आणि एक ध्वनिमुद्रण होते; बोरेन्स्टाइन ज्या चौघांच्या हौशी गायकवृंदात गात, त्याचे. हा खटाटोप कशासाठी, असे लोक विचारत. तेव्हा आपल्याला पुढे नातवंडे होतील आणि त्यांची छायाचित्रे आपल्याला पत्रातून यावीत अशी इच्छा आहे, असे ते सांगत. अटॅचमेंटचा जन्म असा आजोबा होण्याच्या कल्पनेतून झाला.

परंतु जगभरची टपालयंत्रे मोडून नवी बसवणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून त्यांनी चित्रालाच अक्षरांचे सोंग दिले. इंग्रजीतली मोठी सव्वीस अक्षरे, लहान सव्वीस अक्षरे, दहा अंक, एक अधिकचिन्ह आणि एक तिरपी रेघ, अशी एकूण चौसष्ट चिन्हे घेतली, की कोणतीही धारिका त्यांत लिहून काढता येते. 'बेस-६४' असे या लिपीचे नाव. धारिकेतल्या प्रत्येक तीन बाइटांसाठी चार चिन्हे लागतात. म्हणजे वजन तिथेच एक तृतीयांशाने वाढले. शिवाय दर शहात्तर चिन्हांनंतर ओळ मोडावी लागते, आणि ओळ मोडल्याच्या दोन खुणा असतात. त्या धरल्या की वाढ सदतीस टक्क्यांच्या घरात जाते. आपण पेढ्यांचा पाव किलोचा पुडा द्यावा आणि वरच्या कागदासकट काट्यावर तो तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जड भरावा, तसे हे बांधणीचे वजन आहे.

या बांधणीचा हिशेब एका विलक्षण आकड्यात लपलेला आहे. टपाल स्वीकारताना सर्व्हर आपली मर्यादा आधीच जाहीर करू शकतो. १९९३ साली तशी तरतूद झाली. जीमेलच्या, बाहेर जाणारी पत्रे स्वीकारणाऱ्या सर्व्हरने वर्षानुवर्षे जाहीर केलेली मर्यादा होती ३,५८,८२,५७७ बाइट. असा वेडावाकडा आकडा कुणी का ठरवावा? पंचवीस एमबी म्हणजे २,६२,१४,४०० बाइट. बेस-६४मध्ये दर सत्तावन्न बाइटांची एक ओळ होते, आणि ओळमोडीसह तिची लांबी अठ्ठ्याहत्तर. त्या प्रमाणात वाढवले की ३,५८,७२,३३७ येतात. उरतात १०,२४०, म्हणजे बरोबर दहा केबी. पंचवीस एमबींचे सामान, त्याची बांधणी, आणि वर दोन ओळी खुशालीच्या लिहायला दहा केबी! कोण्या अनाम अभियंत्याने केलेला हा हिशेब मला जमला तेव्हा, घड्याळजीने झाकण उघडून दाखवावे तसा आनंद झाला.

हा हिशेब सगळीकडे असा उदारपणे केलेला नसतो, आणि पत्रे अडतात ती इथे. पाठवणारा धारिका मोजतो ती बांधणीपूर्वी. घेणारा सर्व्हर मोजतो ते बांधणी झालेले पत्र. 'आमची मर्यादा दहा एमबी' असे कुणी सांगितले, तर त्यात मावते ती सात-सव्वासात एमबींची धारिका. पोस्टफिक्स हे टपालयंत्रणेचे सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते. ते चालवणाऱ्याने मुद्दाम बदल केला नाही, तर त्याची मर्यादा १,०२,४०,००० बाइट एवढीच असते. पाठवणाऱ्याला यातले काही ठाऊक असायचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने धारिका मर्यादेच्या आत आहे आणि तरीही पत्र परत आले आहे. म्हणजे दोष पलीकडच्या माणसात असला पाहिजे. किती स्नेहसंबंधांत अशी अढी पडली असेल, हे मोजण्याचे साधन नाही.

त्यातच मर्यादा एकाची नसते. माझ्या सेवादात्याची एक, वाटेत विषाणू तपासणाऱ्या यंत्राची एक, घेणाऱ्याच्या संस्थेची एक, आणि शेवटी घेणाऱ्याच्या पेटीत उरलेली जागा. साखळीतली सर्वांत लहान मर्यादा तीच पत्राची मर्यादा. मूळ नियम फारसे काही मागत नाहीत. किमान चौसष्ट केबींचे पत्र प्रत्येकाने घेतलेच पाहिजे, आणि शक्यतो मर्यादा घालूच नये, इतकेच ते म्हणतात. पण मर्यादा घालण्याला सबळ कारणे आहेत. नक्कल करायची तर प्रत्येक लेखनिकाकडे पत्र पुरे उतरेपर्यंत जागा हवी. एकच पत्र चाळीस जणांना धाडले, तर नकलाही त्या मानाने वाढतात. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की, या संभाषणात मध्येच थांबून पुढे चालू करण्याची सोय नाही. नव्वद टक्के मजकूर सांगून झाल्यावर तार तुटली, तर पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात. कधी कधी तर पूर्णविरामही देऊन होतो, पण पलीकडचे यंत्र तपासणीत गुंतल्यामुळे 'ठीक' म्हणायला उशीर लावते. अलीकडचे वाट पाहून कंटाळते, पोचले नाही असे समजते, आणि तेच पत्र पुन्हा धाडते. जड पत्र दोनदा येते ते यामुळे. हा दोष १९८८ सालीच नोंदवला गेला होता.

पेटीतल्या जागेचा उल्लेख वर केला, त्यावर जास्त लिहिण्याचे कारण आता उरलेले नाही. परंतु ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना तो विसरता येणार नाही. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केले, तेव्हा प्रत्येकाला दोन एमबींची जागा मिळे. चारशे केबींची, स्कॅन केलेली पाने बांधणीसह तीन मावत, चौथे मावत नसे. पेटी भरली की मग साधी दोन ओळींची पत्रेही उंबऱ्यावरून परत फिरत. म्हणजे एका जड पत्राचा भुर्दंड मागून येणाऱ्या सगळ्या हलक्या पत्रांना. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने एक जीबी देऊ केला, तेव्हा तारीख पाहून अनेकांना ती थट्टा वाटली होती. ती थट्टा नव्हती. आणि पेटीचा प्रश्न बराचसा मिटला. पत्राच्या आकाराचा प्रश्न मात्र मिटला नाही.

आता मराठीपुरते बोलायचे तर, या इतिहासाचा एक भाग आपल्या फार जवळचा आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने अटॅचमेंट म्हणजे पत्रासोबतची वस्तू : छायाचित्र, हिशेबाचा तक्ता. सरकारी पत्रव्यवहारात तिला 'सहपत्र' हा नेमका शब्द आहे. पण युनिकोड रुळण्यापूर्वी, १९९० च्या दशकात आणि नंतरही काही वर्षे, आपली भाषा स्वतःच सहपत्र होऊन जात होती. पत्राच्या अंगात देवनागरी धड उमटत नसे. प्रत्येक फॉन्टचा कारभार वेगळा. पलीकडे तोच फॉन्ट नसला तर सगळी अक्षरे विस्कटत. म्हणून पत्रात रोमन लिपीत 'मजकूर सोबत जोडला आहे' असे लिहायचे, आणि खरा मजकूर सोबत धाडायचा. फॉन्टसकट, पीडीएफ करून, किंवा सरळ हस्तलिखिताचे चित्र काढून. ए-फोर कागद तीनशे बिंदूंच्या दराने स्कॅन केला की सुमारे सत्त्याऐंशी लाख बिंदू होतात. त्यावरचा मजकूर दोन हजार अक्षरांचा असेल, तर तो युनिकोडमध्ये सहा केबींत बसतो. चित्र म्हणून तो, कितीही दाबून बसवला तरी, काहीशे केबी घेतो. मराठी पत्र जड होते ते मराठी वाचाळ आहे म्हणून नव्हे. तिला अक्षर म्हणून जाता येत नव्हते, चित्र म्हणून जावे लागत होते. आजही 'मराठी' हा शब्द पाच चिन्हांचा, पंधरा बाइटांचा, आणि बेस-६४मध्ये वीस अक्षरांचा होऊन जातो. पण आता ते बांधणे-सोडणे यंत्रे निमूटपणे करतात.

हे सारे मी खोलात जाऊन पाहिले त्याला एक कारण घडले. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवून निवृत्त झालेले माझे एक ज्येष्ठ स्नेही २०१८ साली वारले. शेतीच्या अवजारांची आणि त्यांच्या भागांची त्या मुलखातली नावे ते पंचवीसएक वर्षे गोळा करीत होते. तिफण, वखर, डवरा हे शब्द कोशांत सापडतात. परंतु तिफणीच्या चाड्यापासून दांड्यांपर्यंत प्रत्येक सांध्याला, खुंटीला, दोरीला कोणत्या गावी काय म्हणतात, हे सापडत नाही. ते प्रत्येक अवजाराचे चित्र हाताने काढीत आणि भोवती नावे लिहीत. ही पाने अमेरिकेत असलेल्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला ते १९९९ पासून ई-मेलने धाडीत असत. तो तिथल्या एका विद्यापीठात होता आणि या शब्दांची सूची करीत होता. त्यांच्या घरच्यांनी २०१९ साली त्यांचा संगणक आणि कागदपत्रे लावून देण्याचे काम मला सांगितले. मूळ पानांपैकी बरीच वाळवीने खाल्ली होती. स्कॅन केलेली चित्रे, जागा करण्यासाठी, त्यांनी वेळोवेळी काढून टाकली होती. विद्यार्थ्याचा विद्यापीठातला जुना पत्ता केव्हाच बंद झालेला. म्हणजे उरली होती ती पत्रे.

पत्रे लावताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. २००३ सालच्या एका पत्राला अकरा पाने जोडलेली होती. सगळी मिळून ४.४ एमबी. पलीकडची मर्यादा पाच एमबींची. बांधणीनंतर पत्र सहा एमबींचे झाले आणि अर्थातच परत आले. त्या काळच्या मोडेमवरून ते वर चढायला, आदर्श वेगानेही, पंचवीस मिनिटे लागली असणार. आणि परत आलेले उतरवून घ्यायला आणखी किमान पंधरा. टेलिफोनचे बिल वेगळे. पुढच्या पत्रात त्यांनी रोमन लिपीत विद्यार्थ्याला लिहिले आहे, की तुमच्याकडची दारे लहान आहेत असे दिसते. मग ती पाने त्यांनी कागदी टपालाने धाडली की धाडलीच नाहीत, याचा उल्लेख नाही. पण त्या जमान्यातले कित्येक सर्व्हर नकार कळवताना मूळ पत्र जसेच्या तसे जोडून परत पाठवीत. धाडलेल्या पत्रांचा कप्पा त्यांनी साफ केला होता. आलेल्या पत्रांचा केला नव्हता. तिफणीची अकरा पाने आज उपलब्ध आहेत, ती केवळ त्या नकाराच्या पोटात.

याउलट २००९ नंतरची पत्रे पाहा. तोवर कुणीतरी त्यांना सुधारलेली युक्ती शिकवली होती : जड धारिका एका मोफत साठवण-सेवेवर चढवावी, आणि पत्रात केवळ दुवा द्यावा. एकही पत्र परत आले नाही. सगळी झटक्यात पोचली. अशी चौदा पत्रे मी उघडली, चौदांतले दुवे दाबले, आणि एकही दार उघडले नाही. ती सेवाच बंद झाली होती. पत्रांत उरले होते ते 'सोबतचे चित्र पाहावे, वखराच्या पासेचे नाव तपासावे' असले मजकूर. चित्र नाही, नाव नाही.

यात त्यांचे दुर्दैव विशेष होते असे नाही. मेगाअपलोड ही सेवा जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने चौर्याच्या आरोपावरून बंद केली, तेव्हा ज्यांनी आपल्याच धारिका तिथे प्रामाणिकपणे ठेवल्या होत्या त्यांचीही दारे बंद झाली. रॅपिडशेअर ३१ मार्च २०१५ रोजी मिटली. जीमेलने २०१२ च्या अखेरीस मोठ्या धारिकांसाठी ड्राइव्हचा दुवा जोडण्याची सोय केली. आज पंचवीस एमबींच्या पुढची धारिका जोडू गेले की ती आपोआप तिकडे चढते आणि पत्रात दुवा उरतो. सोय निर्विवाद आहे. मात्र तिने कृतीचा अर्थ बदलला आहे. सहपत्र जोडणे म्हणजे देणे होते. एक नक्कल समोरच्याच्या हाती गेली, ती त्याची झाली. पाठवणाऱ्याला ती परत मागता येत नाही, आणि पाठवणारा मेला तरी ती राहते. दुवा देणे म्हणजे दाखवणे आहे. वस्तू माझ्याकडे, किंवा खरे तर तिसऱ्याच कुणाकडे. तुम्ही या आणि पाहून जा. परवानगी असेल तोवर, मुदत असेल तोवर, त्या तिसऱ्याचे दुकान चालू असेल तोवर. जड पत्राला दार लहान पडले म्हणून आपण पत्र हलके केले, आणि हलके करताना पत्रातले 'देणे' तेवढे काढून ठेवले.

नकाराचीही अशीच स्थित्यंतरे झाली. पत्र परत करणाऱ्या यंत्राला इंग्रजीत 'मेलर-डीमन' म्हणतात. यातला डीमन शास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या कल्पित राक्षसावरून आला. आपल्याला त्याहून जवळचा आहे तो वेताळ. उत्तर मिळताच पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळणारा. या वेताळाच्या निरोपाला पाठवणाऱ्याचा पत्ता मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो, कारण नकारालाच नकार मिळू लागला तर दोन यंत्रे जन्मभर एकमेकांना पत्रे परत करीत बसतील. भाषा रूक्ष, आकड्यांनी भरलेली. तरीही त्यात एक सभ्यता होती. पेटी तात्पुरती भरली असेल तर यंत्र चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा दार ठोठावी, आणि मग कळवी की जमले नाही. आकारच मर्यादेबाहेर असेल तर लगेच कळवी. 'ठीक' म्हणून घेतलेली जबाबदारी अशा रीतीने फेडली जाई.

ही सभ्यता मोडली ती सहपत्रांच्याच आडून. ४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' अशा मथळ्याची पत्रे जगभर पसरली. सोबत प्रेमपत्र म्हणवणारी धारिका होती, आणि ती उघडताच पेटीतल्या सगळ्या पत्त्यांवर तेच पत्र जाई. तेव्हापासून सहपत्र हे संशयित झाले. जानेवारी २००४ मधला 'मायडूम' त्याहून वाईट निघाला : त्याने परत आलेल्या पत्राचेच सोंग घेतले. 'तुमचे पत्र पोचले नाही, तपशील सोबत' असे वाचून माणसे सहपत्र उघडत आणि फसत. त्यातच उपद्रवी पत्रे धाडणारे लोक भलत्याचाच पत्ता पाठवणारा म्हणून लिहू लागले. त्यामुळे नकाराचे निरोप ज्यांनी कधी पत्र धाडलेच नाही अशांच्या दारात कोसळू लागले. साहजिकच व्यवस्थापकांनी हात आखडता घेतला. नकार द्यायचा तर संभाषण चालू असतानाच, तोंडावर द्यावा, नंतर पत्र धाडून नव्हे, अशी रीत पडली. ती योग्यच होती. पण जिथे पत्र घेऊन झाल्यावर संशय येतो तिथे ते गुपचूप टाकून देण्याची, किंवा सहपत्र काढून उरलेले पुढे धाडण्याची रीतही सोबत आली. पाठवणाऱ्याला वाटते पोचले. घेणाऱ्याला वाटते धाडलेच नाही. 'क्षुल्लक सबबींवर हरवू देऊ नये' हा नियम कागदावर अबाधित आहे.

मर्यादा असावी की नसावी, असा माझा वाद नाही. माझ्या घरात किती सामान यावे हे ठरवण्याचा अधिकार माझा, आणि माझ्या वतीने दारावर उभे असलेल्या यंत्राचा. ज्याला कुणीही, काहीही, कितीही आणि फुकट धाडू शकतो, त्याला आकाराची मर्यादा हा एकच बांध आहे. माझे म्हणणे नकाराविषयी आहे. बोलून दिलेल्या नकारातून मार्ग निघतो. पाने दोन पत्रांत विभागून धाडता येतात, चित्र दाबून लहान करता येते, टपालाने पाकीट पाठवता येते, विद्यार्थ्याला फोन करता येतो. न बोललेल्या नकारावर कोणताही उपाय नाही, कारण उपायाची गरज आहे हेच कळत नाही. दुव्याची गोष्ट तीच. तो मिटतो तेव्हा कुणालाही निरोप जात नाही.

मराठीत 'पोच' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पत्र मिळाल्याची पावती ती पोच. आणि माणसाला असते ती समजही पोचच. पोच नसलेला माणूस म्हणजे कुठे काय बोलावे हे न कळणारा. हे दोन्ही अर्थ एका शब्दात कसे आले, ते व्युत्पत्तीच्या अभ्यासकांनी सांगावे. व्यवहारात ते लागून आहेत एवढे खरे. जुन्या पत्रांची सुरुवातच 'पत्र पोचले' अशी होई, आणि खुशालीच्या आधी ती दोन अक्षरे लिहिणे हा संस्कार होता. यंत्राने ते काम आपल्याकडे घेतले, आणि पुढे ते अर्धवट सोडून दिले. तेव्हा ते आपण पुन्हा हाती घ्यावे, हे बरे. महत्त्वाचे काही धाडायचे असेल तर ते, जड होत असले तरी, तुकडे करून पत्रातच धाडावे. दुवा द्यायचाच झाला तर सोबत नक्कलही द्यावी. आणि कुणाचे काही मिळाले, तर ते उघडून, उतरवून घेऊन, 'पोचले' एवढा शब्द उलट धाडावा. त्याचे वजन बेस-६४मध्येही फारसे भरत नाही.